सेवेचा हिशेब कोणाकडे द्यायचा?

जून-जुलैमध्ये युगांडातल्या शाळा भरलेल्या असतात. त्यांचं दुसरं सत्र मेच्या अखेरीस सुरू होतं आणि ऑगस्टपर्यंत चालतं. सुट्टी असते ती अमेरिकेत. त्यामुळे ओहायो किंवा जॉर्जियातल्या कॉलेजचे विद्यार्थी ‘समर मिशन’साठी, म्हणजे उन्हाळ्यापुरत्या धर्मसेवेसाठी, आफ्रिकेत येतात आणि सोबत सुट्टीतल्या बायबल शाळेचं सगळं सामान आणतात, तेव्हा ती शाळा ज्या मुलांसाठी असते त्यांना सुट्टीच नसते. मुख्याध्यापिका गणिताचा तास थांबवते. सातवीचा वर्गही बाहेर येतो, खरं तर त्यांना वर्षअखेरीला प्राथमिकची सरकारी परीक्षा द्यायची असते. मुलं झाडाखाली बसतात, पाहुणे गिटार काढतात, हातवारे करून गाणं शिकवतात आणि वर्गशिक्षक एकेका ओळीचा अर्थ सांगतो. गाणं बऱ्याच जणांना येत असतं, मागच्या वर्षीच्या पाहुण्यांनी तेच शिकवलेलं असतं. पण मुलं गुणी. पहिल्यांदाच ऐकल्यासारखी शिकतात.

दोन तास गेले म्हणून आभाळ कोसळत नाही. मुलांना मजा येते, पाहुणेही मनापासून गातात. माझा आक्षेप गाण्याला नाही, गिटारला नाही आणि येशूच्या नावाला तर नाहीच. मला एवढंच विचारायचं आहे की तास मोडायचा हे ठरवलं कोणी? आणि तो मोडून जे झालं ते चांगलं झालं का, हे सांगायचा अधिकार कोणाचा? आजच्या घडीला तो अधिकार पाहुण्याकडे आहे, त्याच्या मंडळीकडे, म्हणजे चर्चकडे आहे, त्याला पैसे देणाऱ्या काका-मावश्यांकडे आहे. मुख्याध्यापिकेकडे नाही. माझं म्हणणं असं, की ज्याच्या दारात सेवा झाली त्याच्याकडे तिचा हिशेब द्यावा लागतो. तो दिला जात नसेल, तर त्या उन्हाळ्याचा यजमानाला काही उपयोग झाला असं मानायला आपल्या हातात काहीच पुरावा उरत नाही. पाहुण्याचे डोळे भरून आले, हा पुरावा नव्हे.

हा मामला चार-दोन हौशी पोरांचा नाही. मिशनचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रीस्ट यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात अंदाज मांडला होता, की अमेरिकेतून दरवर्षी पंधरा लाखांहून अधिक प्रौढ अशा अल्पकालीन मिशनवर परदेशी जातात. यातले बरेच मेक्सिको आणि मध्य अमेरिकेपर्यंतच जातात, कारण ते जवळ पडतं. पण आफ्रिकेची ओढ वेगळी आहे. ‘आफ्रिकेला चाललो’ या दोन शब्दांत जे वजन आहे ते ‘ग्वाटेमालाला चाललो’ यात नाही. चोपन्न देशांच्या खंडाचं एका गावासारखं नाव घेता येतं, यातच बरंच काही आलं.

पैसे उभे करायची रीत ठरलेली आहे. मार्च-एप्रिलमध्ये विद्यार्थी पत्र लिहितो. देवाने मला या उन्हाळ्यात युगांडासाठी हाक दिली आहे, तिथे मी मुलांमध्ये काम करणार आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा, जमलं तर हातभार लावा. चेक मंडळीच्या नावाने काढावा म्हणजे करात सवलत मिळेल, हेही त्यात असतं. विमानाचं भाडं, पिवळ्या तापाची लस, मलेरियाच्या गोळ्या, विमा, राहणं-खाणं मिळून तीन ते पाच हजार डॉलर सहज होतात. पत्र आजीला जातं, शाळेतल्या प्रशिक्षकाला जातं, वडिलांच्या ऑफिसातल्या लोकांना जातं. परत आल्यावर एका रविवारी उपासनेत साक्ष द्यायची असते, मागे पडद्यावर फोटो. मी द्यायला गेलो होतो आणि मीच घेऊन आलो, हे वाक्य त्या साक्षीत येतंच येतं. ते खरंही असतं. मग तिथे काय राहिलं, हा प्रश्न मात्र उपासनेनंतरच्या कॉफीतही कोणी काढत नाही.

आता जरा रोकडा हिशेब. युगांडातल्या सरकारी प्राथमिक शिक्षकाचा पगार महिन्याला सुमारे पाच लाख शिलिंग आहे, म्हणजे दीडशे डॉलरच्या आतबाहेर. चार हजार डॉलरमध्ये त्या शिक्षकाचा दोन वर्षांहून जास्त पगार निघतो. कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने हीच तुलना आफ्रिकेबाहेर, होंडुरासमध्ये करून पाहिली होती. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर तिथे काही घरं उत्तर अमेरिकेतून आलेल्या तुकड्यांनी बांधली आणि काही स्थानिक संस्थांनी गावातले गवंडी लावून बांधली. तुकडीच्या प्रवासासकट एका घराचा खर्च तीस हजार डॉलरच्या घरात गेला. स्थानिकांनी बांधलेलं घर दोन हजारांत झालं. राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात दोन्हींमुळे पडलेला फरक जवळपास सारखाच निघाला. परतलेल्या स्वयंसेवकांच्या देणग्यांत आणि वागण्यातही टिकाऊ असा मोठा बदल त्यांना दिसला नाही. व्हेर बीक हे काही मिशनचे वैरी नव्हेत. ते स्वतः एका ख्रिस्ती विद्यापीठात शिकवतात आणि होंडुरासमध्ये राहून काम करतात. म्हणून त्यांचं बोलणं जास्त झोंबतं.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. पैसे शिक्षकाच्या पगाराला मागितले असते तर कोणी दिलेच नसते. आजीने चेक फाडला तो नातवाचा चेहरा बघून, युगांडाच्या शिक्षण खात्याकडे बघून नव्हे. बरोबर आहे. पण या उत्तराने नकळत एक गोष्ट कबूल होते. हा पैसा नातवाच्या जडणघडणीसाठी आहे. मग पत्रात तसं लिहायला हरकत काय? ‘मला जग बघायचं आहे, माझी श्रद्धा तपासायची आहे, मदत करा’ असं लिहिलं तरी आजी चेक फाडेलच. आज्या तशाच असतात.

इथे मराठी वाचकाला वाटेल, अमेरिका आणि युगांडा यांच्यातल्या या भानगडीशी आपला काय संबंध? आहे, आणि चांगला जुना आहे. विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनला जाण्याची आधुनिक लाट जिथून उसळली त्या ठिकाणी कोल्हापुरात जन्मलेला एक मुलगा उभा होता. रॉबर्ट वाइल्डर. वडील रॉयल वाइल्डर कोल्हापुरात मिशनरी, मुलाचा जन्म १८६३ चा. पुढे तो प्रिन्स्टनला शिकला आणि १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिरात पोचला. डी. एल. मूडी या प्रसिद्ध उपदेशकाने बोलावलेलं ते शिबिर होतं, अडीचशेच्या आसपास पोरं होती. वाइल्डर आणि त्याच्या मित्रांनी रान उठवलं आणि शिबिर संपेपर्यंत शंभर जणांनी परदेशी मिशनला जायची तयारी दाखवली. यातूनच स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत वीस हजारांहून अधिक विद्यार्थी जगभर गेले. देवाची इच्छा असेल तर परदेशी मिशनरी होण्याचा माझा निश्चय आहे, अशा अर्थाच्या प्रतिज्ञेवर ते सही करत. सही आयुष्यभरासाठी होती, दहा आठवड्यांसाठी नव्हती.

त्याच्याही आधीचा धागा मुंबईला येतो. १८०६ मध्ये विल्यम्स कॉलेजातल्या पाच विद्यार्थ्यांनी वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना केली, त्यातून पुढे परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड स्थापन झालं आणि त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला. तो मराठी शिकला, नव्या कराराच्या मराठी भाषांतरात त्याचा हात होता आणि १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना कॉलऱ्याने गेला. या बोर्डाच्या अमेरिकन मराठी मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये निघालं. सिंथिया फरार मुंबईला आली १८२७ मध्ये, पुढे अहमदनगरला मुलींची शाळा चालवली आणि तिथलं काम जोतीराव फुल्यांनी जाऊन पाहिलं. ही माणसं भाषा शिकली, कारण त्यांना इथेच मरायचं होतं.

‘जुने मिशनरी थोर, हल्लीची पोरं पर्यटक’ असा निकाल इथे लावून टाकणं सोपं आहे. मला तो पटत नाही. मलावीमध्ये स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट लॉज १८७५ मध्ये गेले आणि १९२७ मध्ये परतले, बावन्न वर्षं. त्यांच्या लिव्हिंगस्टोनिया मिशनच्या शाळांतून तिथली शिकलेली पहिली पिढी निघाली. पण त्याच देशात, त्याच दशकात, चर्च ऑफ स्कॉटलंडच्या ब्लँटायर मिशनने स्वतःकडे न्यायाधीशाचं काम घेतलं होतं. लोकांना फटके मारले गेले, एका माणसाला मृत्युदंड दिला गेला. हे बाहेर आलं ते एका प्रवाशाने १८८० मध्ये पत्रक छापलं तेव्हा. मग चौकशी झाली, प्रमुखाला काढलं. ज्यांच्या पाठीवर फटके बसले त्यांना दाद मागायला जागाच नव्हती, आणि मिशनला जाब विचारणारी समिती एडिंबरोत बसलेली. मुक्काम लांब असला की सगळं सुरळीत होतं असं नाही. लांब मुक्कामाने भाषा येते, ओळखी होतात, माणूस चुकला तर गाव त्याला तोंडावर सांगू शकतं. पण कोणाला उत्तर द्यायचं हा प्रश्न मुक्कामाच्या लांबीने आपोआप सुटत नाही.

आणि आता १८८६ कडे पुन्हा एकदा बघा. माउंट हर्मनचं शिबिर जुलैत भरलं. त्याच्या महिनाभर आधी, ३ जूनला, कंपालाजवळच्या नामुगोंगो इथे बुगांडाच्या (आजच्या युगांडातलं एक राज्य) राजाच्या पदरचे ख्रिस्ती झालेले तरुण सेवक जिवंत जाळले गेले. त्यांत कॅथलिक होते, अँग्लिकन होते, बरेचसे विशीच्या अलीकडचे. त्या काळात मारल्या गेलेल्या बावीस कॅथलिक हुतात्म्यांना १९६४ मध्ये संतपद मिळालं. आजही ३ जूनला नामुगोंगोला लाखो लोक जमतात. कित्येक जण शेकडो किलोमीटर चालत येतात, केनिया आणि टांझानियातूनही. दिंड्या पाहिलेल्या मराठी माणसाला ती गर्दी वेगळी समजावून सांगायला नको. नेमक्या याच आठवड्यांत एंटेबीच्या विमानतळावर एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेल्या अमेरिकन तुकड्या उतरायला लागतात. २०१४ च्या जनगणनेनुसार युगांडातले दहांतले आठ जण ख्रिस्ती आहेत. १९०० मध्ये सगळ्या आफ्रिकेत मिळून एक कोटीच्या आसपास ख्रिस्ती होते, आज साठ कोटींच्या वर आहेत. नायजेरियातल्या मंडळ्या लंडनमध्ये शाखा काढतात. ओहायोतल्या त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मंडळीत मात्र मागच्या बाकांवर म्हातारी माणसं आणि रिकाम्या जागा. श्रद्धा कोणी कोणाला शिकवायची, असा प्रश्न पडावा अशी स्थिती आहे.

म्हणून आपल्याकडची एक ठरलेली प्रतिक्रिया इथे अगदीच निकामी ठरते. मिशन म्हटलं की महाराष्ट्रात पहिला शब्द येतो धर्मांतर. त्या शब्दावर आपण बोलायला लागलो की दिवेलागण होते आणि मुद्दा तिथेच राहतो. युगांडातल्या त्या शाळेत बाटवायला उरलंय कोण? तिथली चौथीतली मुलगी पाहुण्यापेक्षा जास्त वचनं पाठ म्हणते. दुसरी प्रतिक्रिया समाजमाध्यमांतली, गोऱ्या तारणहारांच्या टिंगलीची. कंपालात २०१८ पासून ‘नो व्हाइट सेव्हिअर्स’ नावाची मोहीम चालली. तिने विचारलेले प्रश्न खरे होते आणि ते युगांडातून विचारले गेले, हे महत्त्वाचं. पण टिंगलीचा एक तोटा आहे. फोटो टाकणं बंद केलं की काम सुधारलं असं पोरांना वाटतं. काळ्या बाळाला कडेवर घेतलेला फोटो नाही टाकला, पण बाळ कडेवर घेतलंच, तर बाळाच्या बाजूने काय बदललं?

हिशेब न द्यावा लागणाऱ्या सेवेचं टोक पाहायचं तर जिंजाला जावं लागेल. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल जिथे बाहेर पडते तिथलं हे शहर, परदेशी मिशनऱ्यांचं आवडतं. शाळा संपवून अमेरिकेतली एक मुलगी २००७ मध्ये तिथे काही महिने स्वयंसेवक म्हणून आली. घरी परतल्यावर देवाने पुन्हा बोलावलं असं तिला वाटलं. २००९ मध्ये तिने जिंजात संस्था काढली आणि कुपोषित मुलांना ठेवून घ्यायला सुरुवात केली. वैद्यकीय शिक्षण काही नव्हतं. २०१० ते २०१५ या काळात संस्थेने नऊशेहून अधिक मुलं दाखल करून घेतली, त्यांतली १०५ दगावली. हा आकडा संस्थेचाच. २०१५ मध्ये जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी केंद्र बंद करायला लावलं. २०१९ मध्ये दोन आयांनी युगांडाच्या कोर्टात दावा लावला. २०२० मध्ये तडजोड झाली, जबाबदारी कबूल न करता दोघींना पैसे दिले गेले. आपण डॉक्टर असल्याचं कधी सांगितलं नाही, उपचार परिचारिका आणि डॉक्टर करत होते, अशी तिची बाजू आहे. इतकी खंगलेली मुलं चांगल्या रुग्णालयांतही दगावतात, हेही तितकंच खरं. कोणत्या मुलाचं काय झालं हे मी इथे बसून ठरवणार नाही.

पण एक गोष्ट मेळघाट-नंदुरबारच्या बातम्या वाचणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. तीव्र कुपोषित मुलाचा उपचार हा पोटभर खाऊ घालण्याचा मामला नसतो. अशा मुलाचं हृदय, मूत्रपिंडं, रक्तातले क्षार सगळंच डळमळलेलं असतं. आपल्याला सलाईन म्हणजे उपचार वाटतो, पण अशा मुलाला भराभर सलाईन दिलं तर हृदयच बंद पडू शकतं. एकदम भरपूर अन्न दिलं तरी तोच धोका. म्हणून आधी एफ-७५ नावाचं कमी ताकदीचं दूध, मोजून, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. मूल सावरायला लागलं की मग एफ-१०० किंवा शेंगदाण्याची तयार पेस्ट. कोणत्या मुलाला दाखल करायचं, कोणाला घरी ठेवून भागेल, सूज कशाची आहे, हे ओळखायला शिकावं लागतं. विशीतली एखादी मुलगी व्हर्जिनियातल्या रुग्णालयात जाऊन ‘मला देवाने सांगितलंय, मला वॉर्ड चालवायला द्या’ म्हणाली असती, तर तिला प्रेमाने दारापर्यंत पोचवलं असतं. जिंजात मात्र सहा वर्षं केंद्र चाललं. पैसा देणारे अमेरिकेत होते, अहवाल त्यांच्याकडे जात होते. मुलांच्या आया मैलोन्मैल चालत येत होत्या, आणि समोर गोरी बाई दिसली की ती डॉक्टर असणार, असं धरून चालत होत्या. त्यांच्याकडे कुठलाच अहवाल जात नव्हता.

हे टोकाचं प्रकरण आहे, कबूल. बहुतेक विद्यार्थी सलाईनच्या सुईला हात लावत नाहीत. पण वैद्यकीय शाखेकडे जाऊ पाहणारे लावतात, आणि त्यांत न्यू जर्सीतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी घरांतली मुलंही असतात, चर्चशी काडीचा संबंध नसलेली. मेडिकलच्या अर्जात ‘केनियातला वैद्यकीय अनुभव’ चांगला दिसतो, असं आईबाबांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेला शेवटी सूचना काढाव्या लागल्या, की जे करायची मुभा तुम्हाला घरी नाही ते परदेशात जाऊन करू नका. इतकी उघड गोष्ट लिहून द्यावी लागते, यावरून परिस्थितीचा अंदाज येतो.

अनाथाश्रमांचं तर याहून अवघड. दोन वर्षांचं मूल अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पडतं, सोडायला तयार होत नाही. पाहुणा विरघळतो, त्या रात्री रोजनिशीत पानभर लिहितो. आईच्या कुशीत वाढलेलं त्या वयाचं मूल अनोळखी माणसाला पाहून आईच्या मागे लपतं. जे लपायचं सोडून असं कोणालाही बिलगतं, त्याचं काहीतरी बिघडलेलं असू शकतं. दर तीन आठवड्यांनी नवा माणूस जीव लावतो आणि निघून जातो, हे त्या बिघाडाचं एक कारण. जगभरातल्या अनाथाश्रमांतल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात असतो, असं या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था सांगतात. पाहुणे येतात म्हणून पैसा येतो, पैसा येतो म्हणून आश्रम निघतात, आणि आश्रम निघाले की गरीब आईबापांकडून मुलं आणली जातात, तिथे शाळा आणि जेवण मिळेल असं सांगून. रवांडाने २०१२ पासून आश्रम बंद करून मुलं घरांत परत न्यायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीच्या कायद्याच्या वेळी आश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली. अनाथाश्रमातला उन्हाळा या एका बाबतीत मी मधला मार्ग शोधणार नाही. तो बंद व्हावा.

आता कोणी म्हणेल, यजमानांना नको असेल तर ते नाही म्हणतील की. इथेच खरी गाठ आहे. गावातल्या पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. अमेरिकेतली एक मंडळी दरवर्षी तुमच्या चर्चच्या छपराच्या पत्र्यांसाठी, दोन मुलांच्या फीसाठी पैसे पाठवते. त्या मंडळीचं पत्र येतं, चौदा पोरं तीन आठवडे येताहेत. तुम्ही पंधरा गाद्या उसन्या आणता, बाटलीबंद पाण्याचे खोके भरता, बायका पहाटे उठून आंघोळीचं पाणी तापवतात. एखाद्या पोराला जुलाब झाले तर रात्री बोडा-बोडावाल्याला (भाड्याच्या मोटरसायकलवाल्याला) उठवून दवाखाना गाठता. शेवटच्या दिवशी बकरा कापता. भिंत रंगवून झाल्यावर गावातला रंगारी येऊन म्हणतो, हे काम मला का नाही दिलं? तुम्ही काय उत्तर देणार? आणि पुढच्या वर्षी ‘येऊ का’ म्हणून पत्र आलं तर नाही कसं म्हणणार? पत्रे अजून अर्ध्याच छपरावर बसलेत. यजमान अडाणी नसतो, त्याला सगळं कळतं. नकाराची किंमत त्याला भरावी लागते, होकाराची पाहुण्याला लागत नाही.

ही गाठ सर्वात स्पष्ट ओळखली ती एका आफ्रिकन पाळकानेच. जॉन गाटू, पूर्व आफ्रिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे सरचिटणीस, केनियाचे. १९७१ मध्ये अमेरिकेत जाऊन त्यांनी सरळ सांगितलं, की निदान पाच वर्षं मिशनरी आणि त्यांचा पैसा दोन्ही थांबवा, आम्हाला आमच्या पायांवर उभं राहू द्या. १९७४ मध्ये झांबियातल्या लुसाकाला आफ्रिकेतल्या चर्चांच्या परिषदेनेही ही मागणी उचलून धरली. पाश्चात्त्य मिशनांना ते लागलं, आफ्रिकेतल्या काही मंडळ्यांनाही नको होतं, कारण पगार तिकडूनच येत होते. अंमलबजावणी झाली नाही. उलट, आयुष्यभरासाठी जाणारे कमी होत गेले आणि उन्हाळ्यापुरते जाणारे वाढत गेले. गाटूंचा प्रश्न आपल्याकडच्या एका माणसाला त्याच्या पन्नासेक वर्षं आधीच पडला होता. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला, कारण ख्रिस्त इथल्या मातीत, इथल्या भजनात यावा आणि मिशनच्या हिशेबवहीतून सुटावा, असं त्यांना वाटत होतं. टिळकांची येशूवरची श्रद्धा यामुळे तसूभरही कमी झाली नाही. गाटूही चर्चमध्येच राहिले. म्हणून हा वाद श्रद्धावंत विरुद्ध नास्तिक असा मांडणारे दोन्हीकडचे लोक मला कंटाळवाणे वाटतात.

मग जाऊच नये? मी तसं म्हणत नाही. विशीत घराबाहेर पडून, परक्या अंगणात बसून, परकं अन्न खाऊन माणूस बदलतो. पुढे परिचारिका, शिक्षक, शेतीतज्ज्ञ होऊन खरोखर वर्षानुवर्षं आफ्रिकेत काम करणाऱ्या कितीतरी जणांची सुरुवात अशाच एका उन्हाळ्याने झालेली आहे. ती वाट बंद करून कोणाचंच भलं होणार नाही. अमेरिकेतल्या मिशन-संस्थांनी २००३ मध्ये अल्पकालीन मिशनसाठी मानकंही तयार केली, त्यांत यजमानाशी भागीदारीची भाषा आहे. पण ती पाळायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेलं आहे, आणि पाळली गेली की नाही हे यजमानाला कोणी विचारत नाही.

यजमानाच्या हातात खरी सत्ता द्यायची तर सुरुवात पैशापासून करावी लागेल. छपराचे पत्रे आणि पाहुण्यांचा मुक्काम यांचा संबंध तोडायचा. तुम्ही पाहुणे घ्या किंवा नका घेऊ, ठरलेली मदत पाच वर्षं येत राहील, असं आधी लेखी द्यायचं. त्यानंतर आलेलं आमंत्रण हे आमंत्रण. कधी यायचं हे तिथल्या शाळेच्या वेळापत्रकावरून ठरेल, मग अमेरिकन विद्यार्थ्याला डिसेंबरची सुट्टी मोडावी लागली तरी चालेल. पहिले आठवडे भाषेचे, आणि शिकवणारा गावातलाच, त्याला त्याची फी. गावात ज्या कामाला मजुरी मिळते त्या कामाला पाहुण्याने हात लावायचा नाही. आणि जाण्या-येण्याला दोन्ही दिशा हव्यात. आज तिकडच्या मंडळीतल्या तरुणीने ओहायोत उन्हाळा घालवायचा म्हटलं तर तिची पहिली अडचण व्हिसा. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत अमेरिकेच्या व्हिसाला नकार मिळण्याचं प्रमाण फार मोठं आहे. ओहायोतल्या मंडळीने आपल्या खासदाराला पत्रं लिहायची असतील तर त्यासाठी लिहावीत. तिथे त्यांच्या शब्दाला वजन आहे, जे जिंजातल्या पाळकाच्या शब्दाला नाही.

आणि परतल्यानंतरच्या त्या रविवारी विद्यार्थ्याच्या साक्षीआधी यजमानाचं पत्र वाचलं जावं. मुख्याध्यापिकेने लिहिलेलं, हवं तर तिच्या भाषेत, कोणाकडून तरी भाषांतर करून घेतलेलं, संस्थेच्या कार्यालयात कोणी न सुधारलेलं. पोरं कशी होती, काय उपयोगी पडलं, कोणते तास बुडाले, खर्च किती आला, कोणाला काय सोसावं लागलं. पत्र गोड असेल तर छानच. त्यात ‘पुढच्या वर्षी नको’ असं लिहिलेलं असेल, तर पुढच्या वर्षीची तिकिटं काढायची नाहीत, आणि पत्र्यांचे पैसे ठरलेल्या तारखेला पाठवायचे.